अर्ध्या कोर्सचा टायफॉइड

"डॉक्टर मल्होत्रा कधी येणार?" सिस्टर लूझने तिसऱ्यांदा विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या अंगात सडकून ताप, ओठ सुकलेले, आणि समोर बसलेली मी म्हणजे जणू कंपाउंडर!

"सुट्टीवर आहेत. तोवर मीच बघणार," मी म्हटलं. "कसं वाटतंय?"

"बिल्कुल ठीक," ती हसून म्हणाली. हिंदीतले हे दोन शब्द तिला पक्के येत. बाकी आमचं बोलणं इंग्रजीत चाले.

नोएडा तेव्हा नुकतं कुठे भरायला लागलं होतं. नवे सेक्टर, नव्या कोठ्या, नवी नर्सिंग होम्स. आमच्या नर्सिंग होममध्ये फिजिशियन दोघं. एक मी, पुण्याची, सुरुवातीपासून इथे घासलेली. दुसरा मल्होत्रा, इंग्लंडहून नुकताच परतलेला, कमरेला पेजर, दाराशी नवी कोरी गाडी. त्याच्या ओपीडीबाहेर रांग आणि मी बसलेय माश्या मारत. जळत होते का मी त्याच्यावर? जळत होते. चांगली धुमसत होते.

सिस्टर लूझ फिलिपिन्सची. ती आणि सिस्टर टेसी, दोघी मिशनरी नन. सेक्टरला लागून असलेल्या गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायच्या आणि तिथल्या मुलींना शिवण शिकवायच्या. लूझला ताप आला तेव्हा मल्होत्राने टायफॉइड म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला. कोर्स म्हणजे ठरलेले दिवस, रोज सकाळी एक आणि रात्री एक, मध्ये खंड नाही. पण ताप काही उतरेना. ॲडमिट व्हा म्हटलं, तर "नको, घरी काम आहे."

आमचे मालक डॉक्टर सक्सेना मला केबिनमध्ये घेऊन गेले. "मॅडम, मनिलासे उनकी मदर का फोन था. शुक्रवार तक बुखार नहीं उतरा तो वापस बुला लेंगी. दोनों को." मदर म्हणजे त्यांच्या मिशनच्या प्रमुख, आणि एकटी सिस्टर कुठेही राहायची नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे लूझ गेली की टेसीही जाणार, आणि शिवणवर्गाला कुलूप.

"और हां, पेशंट मल्होत्रा का है. ट्रीटमेंट मत बदलिएगा."

झालं! मी मनात म्हटलं, आता सापडलास बेट्या. याचं निदानच चुकलंय. मी लूझचं रक्त ब्लड कल्चरला पाठवलं. म्हणजे लॅबमध्ये रक्तातले जंतू वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते बघायचं. रिपोर्ट सक्सेनांच्या टेबलावर कसा आपटायचा, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

"तुला ती बरी व्हायला हवीय की मल्होत्रा चुकायला हवाय?" घरी नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

रिपोर्ट आला. टायफॉइडच. आणि मल्होत्राच्याच गोळ्यांनी जंतू मरत होते. मेल्याचं सगळं बरोबर! मला तो कागद टराटरा फाडावासा वाटला. पण मग ताप का उतरत नव्हता? निदान बरोबर, औषध बरोबर, म्हणजे ते पोटात नीट जात नसणार. टायफॉइड असा रेंगाळला तर आतड्याला भोक पडतं, आणि मग कसला शिवणवर्ग आणि कसलं मनिला. मी रिक्षा केली आणि सरळ त्यांच्या घरी गेले.

मे महिन्याचं रणरणतं ऊन, आणि आत शिलाई मशीनपाशी सिस्टर टेसी रजई पांघरून कुडकुडत बसलेली.

"तुम्हाला काय झालं?"

"बिल्कुल ठीक," ती म्हणाली. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी लूझकडे वळले. "सकाळची गोळी घेतली का?"

"सकाळची टेसीची असते," लूझ शांतपणे म्हणाली. "रात्रीची माझी."

मी तिथेच स्टुलावर बसले.

लूझच्या मागोमाग टेसीलाही ताप आला होता. दोघी आजारी हे मनिलाला कळलं असतं, तर शुक्रवारचीही वाट न बघता परत बोलावलं असतं. आणि एकटीचं असं काही ठेवायचं नाही हे तर त्यांचं व्रतच. साबण, शाल, जेवण, सगळं दोघींचं. मग गोळ्याही वाटून घेतल्या.

"अहो, अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट माजतात!" मी ओरडलेच. "अशाने दोघीही जाल!"

टेसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलींना कटिंग आत्ता कुठे जमायला लागलंय, डॉक्टर."

तिचंही रक्त तपासायला पाठवलं. दोघींना एका खोलीत ॲडमिट केलं. नर्ससमोर गिळायची, प्रत्येकीची वेगळी गोळी, पूर्ण कोर्स. मग सक्सेनांच्या केबिनमधून मनिलाला फोन लावला.

"त्यांनी माझ्यापासून का लपवलं?" पलीकडून मदरचा करारी, म्हातारा आवाज.

"कारण सांगितलं की तुम्ही परत बोलावता," मी म्हटलं. "इतक्या तापात त्यांना विमानात बसवू नका. इथेच बऱ्या होतील, दोघीही. शुक्रवार विसरा."

दोघींना किती ताप आहे ते त्यांनी विचारून घेतलं. मग, "राहू देत. पण यापुढे ताप लपवायचा नाही, हे त्यांना सांगा."

दोघींचा ताप उतरला. शिवणवर्ग पुन्हा सुरू झाला. मल्होत्रा सुट्टीवरून आला आणि टाय सरळ करत म्हणाला, "टायफॉइड ही था ना?"

"था," मी दातओठ खात म्हटलं. सक्सेनांनी त्याची पाठ थोपटली. माझी? माझी कशाला थोपटतील!

काही दिवसांनी सिस्टर लूझ घरी केलेला केक घेऊन आली. सरळ माझ्या टेबलावर ठेवला. मल्होत्राच्या नाही, माझ्या! मी अशी फुलले म्हणून सांगू. तेवढ्यात तिने सुरी मागितली आणि केक बरोबर मधोमध कापला.

"हा तुमचा, हा डॉक्टर मल्होत्रांचा. औषध त्यांचं, शोध तुमचा."

तेव्हापासून ताप उतरत नसला की औषध बदलायच्या आधी मी विचारते, घरात आणखी कोणाला ताप आहे का? खूप उपयोग होतो याचा. पण तो केक अख्खा माझा होता, हे मी आजही म्हणते.