देवराईच्या हद्दीवर अडलेली कुऱ्हाड

गुरवकाकांनी हात आडवा केला आणि वसंत जागच्या जागी थांबला.

देवराईची हद्द दाखवणारे दोन दगड आहेत. त्यांच्या अलीकडे आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. शिमग्यासाठी मुंबईहून आलेल्या मंडळींनी कमरेचे पट्टे काढून गाड्यांवर टाकले होते. मी तर सवयीने पर्सही स्कूटरच्या डिकीत ठेवून आले होते, कारण ती चामड्याची. एवढं सोवळं पाळून ज्या माणसाला आम्ही देवाच्या झाडावर चढवणार होतो, त्याच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत चामडंच चामडं होतं. तेही मी स्वतः शिवलेलं.

"ह्ये काय हाय?" गुरवकाकांनी विचारलं.

"कुऱ्हाडीचं म्यान," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

मी देवरूखला चामड्याच्या वस्तू करते. त्याआधी मुंबईत बॅगा बनवणाऱ्या एका कंपनीच्या सॅम्पल रूममध्ये होते. सॅम्पल रूम म्हणजे जिथे एखाद्या वस्तूचा पहिला नग बनतो, चुकतो, उसवला जातो आणि पुन्हा बनतो. लग्न होऊन इकडे आल्यावर सासऱ्यांच्या चपलांच्या दुकानामागच्या खोलीत मशीन टाकलं. पर्स, पट्टे, मोबाईलची कव्हरं, क्वचित कुणाच्या कोयत्याचं कव्हर. कुऱ्हाडीसाठी कोणी आलं नव्हतं.

पहिल्यांदा वसंत स्वतः आलाच नाही. त्याची बायको सुलभा आली. गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, हिला असं कायतरी शिवा की ही ह्यांना परत लागता नये."

वसंतचं काम झाडं उतरवण्याचं. घरावर वाकलेलं, तारांवर आलेलं, सुकलेलं झाड एकदम पाडता येत नाही. शेंड्यापासून एकेक फांदी कापत खाली यावं लागतं. बुंध्याला मशीनची करवत चालते, पण शेंड्याला एका हाताने ती चालवणं त्याला पटत नाही. तिथे तो आखूड दांड्याची कुऱ्हाड वापरतो. बरेच जण कुऱ्हाड दोरीने वर ओढून घेतात. पण या फांदीवरून त्या फांदीवर जायचं तर दोरी अडकते, आणि खाली दोरी सोडवत बसायला कोणाला वेळ नसतो.

आमच्या भागात कोयता कमरेच्या मागे लाकडी आकडीत अडकवतात. कोयत्याला बाक असतो, तो तिथे छान बसतो. कुऱ्हाडीचं सगळं वजन पात्याकडे, त्यामुळे ती आकडीत उलटी होते. हे वसंतला माहीत होतं, तरी तो ती तिथेच खोचायचा, कारण बाप तिथेच खोचायचा. एका फणसावरून उतरताना ती निसटली आणि मांडी फाडत खाली गेली. पाय वाचला तो नशिबाने. तेव्हापासून सुलभा प्रत्येक झाडाखाली जाऊन उभी राहत होती. घरचं काम टाकून.

"मी तितं काय करनार हाय?" ती मला म्हणाली. "पन घरात बसवत नाय. ह्यांना सांगितलंय, कुऱ्हाड झाकल्याबिगर झाड नाय. आनि पुढच्या कामाला वेळ ऱ्हायला नाय, शिमगा आला."

पुढचं काम म्हणजे त्यांच्या गावच्या देवराईतलं. सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी जिथे बसते त्या चौथऱ्यावर, एका किंजळीच्या झाडाची मोठी सुकी फांदी मोडून अडकून राहिली होती. देवराईतलं पानही कोणी तोडत नाही. पण त्या फांदीखाली पोराबाळांसकट सारं गाव बसणार, म्हणून देवाला कौल लावून परवानगी घेतली होती. हे सगळं सुलभाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि कुऱ्हाडीचं माप घ्यायला लागले.

पहिलं सॅम्पल कमरेच्या बाजूला लटकणारं केलं. वसंतने ते बांधलं, दुकानामागच्या आंब्यावर दोन हात चढला आणि उतरला. "ताई, दांडा गुडघ्यात येतो." दुसरं पाठीवर उंच बांधलं. त्यात पातं मानेपाशी आलं. ते पाहून सुलभाच हसली. "ह्यांची मान ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी मी आधी वसंतला नुसताच झाडावर चढताना पाहिलं. बघत राहावं असा माणूस आहे. तो झाडाला मिठी मारत नाही. अंग खोडापासून थोडं दूर ठेवतो आणि जोर सगळा पायांच्या अंगठ्यांवर. हात फक्त वाट विचारल्यासारखे पुढे जातात. पाठ सरळ आणि सगळा तोल कमरेत. मग वजनही कमरेतच हवं, हे मला तेव्हा कळलं. पातं खाली, कमरेच्या मागे एका ताठ खिशात. दांडा पाठीच्या कण्यालगत वर, उजव्या खांद्यावर एका पट्टीत अडकवलेला. हात मागे नेऊन पट्टी सोडायची, दांडा धरायचा आणि कुऱ्हाड वर खेचून काढायची. परत ठेवताना मागे बघता येत नाही, म्हणून खिशाचं तोंड रुंद आणि कडक. शिवणीच्या आत चामड्याची एक जाड पट्टी घातली. तिला आम्ही वेल्ट म्हणतो. धार लागलीच तर वेल्टला लागते, दोरा कापला जात नाही.

वसंत ते घालून आंब्याच्या पार शेंड्यापर्यंत गेला. वरून ओरडला, "ताई, कुऱ्हाड घेतलीय का नाय त्येच कळत नाय!" माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

आणि आता ते म्यान देवराईच्या हद्दीवर अडलं होतं.

"देवाच्या जाग्यात चामडं नाय चालत," गुरवकाका शांतपणे म्हणाले. "त्ये काडून ठेव, वसंता. कुऱ्हाड हातात घे."

"हातात घेऊन चढता येत नाही, काका," मी म्हटलं.

"मग आकडीत घाल."

सुलभा पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. "आकडीत नाय. आकडीत घातली तर ह्ये चढनार नाय."

मानकऱ्यांमध्ये कुजबुज झाली. एकाने मुंबईहून आलेल्या कोणाला तरी क्रेनचं विचारलं. क्रेन यायला वाट कुठे होती? वसंत खाली मान घालून उभा होता. बायकोचा शब्द मोडवत नव्हता आणि देवाचं काम टाकवत नव्हतं. पट्ट्याच्या बकलावर त्याची बोटं नुसती फिरत होती.

माझं डोकं तापलं. चामडं म्हटलं की नाक मुरडणारी माणसं मला नवी नाहीत. सासऱ्यांच्या दुकानात चप्पल घेताना प्रेमाने बोलणारे पाण्याच्या पेल्याला हात लावताना विचार करतात, हेही मी पाहिलंय. मी म्हटलं, "काका, उद्या पालखीपुढे ढोल वाजणार. त्या ढोलाला काय प्लास्टिक लावलंय?"

मला वाटलं आता काही खरं नाही.

गुरवकाका रागावले नाहीत. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ढोल देवाचा हाय, बाय. त्याचं चामडं देवाला वाहिलेलं. ह्ये तुजं बाजारचं."

"मग देवाचं द्या, त्याचं शिवते," मी म्हटलं. हे मी तावातावाने बोलले होते. काही मनात धरून नव्हे.

काकांनी ते तसं घेतलं नाही. ते मानकऱ्यांकडे वळून हळू आवाजात काही बोलले. एकाने मान हलवली, दुसऱ्याने खांदे उडवले, तिसऱ्याने हात जोडले. मग काका देवळात गेले आणि थोड्या वेळाने हातात वाळलेली, सुरकुतलेली, गोल कातडी घेऊन आले. ढोलाची जुनी पानं. या शिमग्याला ढोल नव्याने मढवला होता आणि उतरवलेली पानं देवळामागे टांगलेली होती. काकांनी देवासमोर गाऱ्हाणं घातलं, म्हणजे चार माणसांसमोर देवाला सगळी हकीकत सांगितली, आणि पानं माझ्या हातात दिली. "ह्याचं शिव," म्हणाले. "पालखी बसायच्या आत."

मी हो म्हणून बसले आणि कुऱ्हाड घेऊन स्कूटरवर बसल्यावर घाबरले. ढोलाचं पान म्हणजे बकऱ्याचं कच्चं कातडं. ते कमावलेलं नसतं. कमावणं म्हणजे कातड्यावर प्रक्रिया करून ते मऊ आणि टिकाऊ चामडं बनवणं. मी आयुष्यभर कमावलेल्या चामड्यावर काम केलेलं. कच्चं कातडं कोरडं असताना सुई घेत नाही आणि ओलं असताना हातात राहत नाही.

बादलीत भिजत घातलं. वासाने घरातल्यांनी मागची खोली सोडली. मऊ झाल्यावर थरावर थर ठेवून जाडी केली, मधे त्याच कातड्याची वेल्ट घातली, ओलं असतानाच हाताने शिवलं. कुऱ्हाडीच्या पात्याला प्लास्टिक गुंडाळून ते ओलं म्यान तिच्यावर चढवलं आणि सुतळीने आवळलं. उन्हात वाळवलं तर ते तडकतं, म्हणून सावलीत पंख्याखाली. कातडं वाळताना आकसतं आणि आतल्या वस्तूचा आकार धरतं. सकाळी सुतळी सोडली तर म्यान करवंटीसारखं वाजत होतं. खिशाचं तोंड इतकं कडक आणि नेमकं झालं होतं की माझं बाजारचं चामडं त्यापुढे लेचंपेचं वाटावं. पट्ट्यांसाठी खाटेची सुती नवार घेतली आणि बकलाच्या जागी लाकडी गुंडी लावली.

दुसऱ्या दिवशी गुरवकाकांनी म्यान हातात घेऊन फिरवून पाहिलं, बोटाने टकटक केलं आणि बाजूला झाले.

वसंत चढला. किंजळीचं खोड खाली सरळसोट आहे, धरायला काही नाही. तरी तो गेला. अडकलेल्या फांदीपाशी पोचला, दोरी बांधली, पाठीमागून कुऱ्हाड काढली आणि बसल्या जागेवरून मोजके घाव घातले. फांदी दोरीवर झुलत खाली आली. सहाणेच्या एका चिऱ्यालाही धक्का लागला नाही. कुऱ्हाड न बघता मागे गेली आणि म्यानात बसली. तो आवाज मी खालून ऐकला.

तो उतरायला लागला. अर्ध्यावर पायाखालची साल सुटली. वसंत घसरला आणि मागच्या जाड फांदीवर पाठीने आदळला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. पाठ आणि फांदी यांच्यामधे कुऱ्हाड होती.

सुलभा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला होता आणि ती वर बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

"काय नाय झालं," वरून आवाज आला.

तो खाली आला तशी सुलभाने त्याला पाठमोरा केला, गुंडी सोडली, सदरा वर उचलला आणि कमरेवरून हात फिरवला. म्यानाच्या काठाचा लाल वळ उठला होता. रक्त नव्हतं. तिने पुन्हा एकदा हात फिरवला, मग सदरा खाली ओढला. "खोबरेल लावा घरी गेल्यावर," एवढंच म्हणाली.

म्यान देवाचं, म्हणून ते देवळातच राहिलं. गुरवकाकांनी ते ढोलाशेजारच्या खुंटीला अडकवलं आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्साला जुनी पानं तुलाच देईन." मी त्यांना नमस्कार केला. मनापासून केला.

वसंत आता बाहेरच्या कामाला माझं आधीचं चामड्याचं म्यान वापरतो. शिमगा संपल्यावर देवरूखात एका घरामागचा वाकलेला फणस उतरवायचं काम त्याला मिळालं. मी पाहायला गेले. वसंत शेंड्याला होता. झाडाखाली कोणीच उभं नव्हतं.

"सुलभा कुठाय?" मी खालून विचारलं.

"काजू गोळा करायला गेली," तो वरून म्हणाला. "बोलली, तुमचं तुमी बगा."

तेव्हापासून मी कोणतीही ऑर्डर घेताना मापाची टेप काढण्याआधी दोन गोष्टी विचारते. ही वस्तू कुठे कुठे जाणार, आणि घरी वाट कोण बघतं. पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला गिऱ्हाईक जरा वेळ घेतं, आणि मी थांबते.