विहिरीतली मरळ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत पाण्याची पारख एकच होती: विहिरीत सोडलेली मरळ. मासा जिवंत दिसला की पाणी चांगलं. कोकणातून आमच्याबरोबर आलेली सवय ही. पाण्याला पिवळट झाक आली तरी लोक वाकून बघायचे, मरळ फिरताना दिसायची, हंडे भरले जायचे. माझी वहिनी पोटुशी होती आणि तीही तेच पीत होती. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

भिंतीपलीकडे लोखंडी सामानाला क्रोमचा मुलामा देणारा कारखाना होता. गिरणी बंद पडल्यावर बाबांना तिथेच काम मिळालेलं. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. एका सकाळी मी दोरीला बांधून बाटली विहिरीत सोडली आणि भरून वर घेतली, तोच कारखान्यातले कामगार धावत आले. "आमच्या पोटावर पाय देतेस काय गं?" म्हणत एकाने मला ढकललं. बाबांनी सगळ्यांदेखत थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला. "मरळ फिरतेय ती दिसत नाही? आंधळी झालीस?" मी बाटली पोटाशी दाबून धरली आणि सुटले.

कॉलेजातल्या सरांनी पाणी तपासलं. म्हणाले, यात क्रोमियम आहे, पिऊ नका, भातसुद्धा शिजवू नका. मी तशीच घराकडे पळाले.

भर दुपारी विहिरीवर एकटे बाबा होते. बादलीत मेलेली मरळ. हातातल्या ओल्या पिशवीत दुसरी, बाजारातून आणलेली, जिवंत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पिशवी ओढली, त्यांनी माझी वेणी. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. मासा दगडांवर पडून तडफडायला लागला आणि मी ओरडून चाळ गोळा केली.

लोकांनी बादलीत पाहिलं. मग कोणी चपलेने मारलं, कोणी कळशीने. मी मध्ये पडले नाही. मला बरं वाटत होतं.

शेवटी दादाने त्यांना ओढत घरात आणलं. नाकातलं रक्त थांबेना. कारखान्यातल्या वाफेने त्यांचं नाक आतून केव्हाच खाल्लं होतं. त्यांनी पाणी मागितलं. वहिनीने हंड्यातून भांडं भरून पुढे केलं. बाबांनी त्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हे नको."

 वहिनीने ते भांडं त्यांच्या कपाळावर हाणलं.

"मला चाललं ना, मामंजी?" म्हणाली, आणि पुन्हा हाणलं.