हिरवे रंगवलेले नट

साकोलीच्या स्टँडबाहेर पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती आणि बाबा तिच्याखाली वाकून तेल गळतंय का ते बघत होते. मग गाडीला पूर्ण फेरी मारून प्रत्येक टायरला बुटाने एकेक लाथ. ड्रायव्हर वैतागला, "काय काका, आरटीओतून आले काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चोवीस वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस तो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी तिची तपासणी करायची, तिला ते 'फर्स्ट परेड' म्हणत. ती झाल्याशिवाय ते लेकीला कुठल्याच गाडीत बसवणार नव्हते. शेवटी हात झटकत म्हणाले, "बस माय. गाडी बरी हाय." दादा, तू माझी बॅग डिकीत टाकलीस, जयभीम म्हणालास आणि लगेच वळलास. रडू येत होतं तुला, मला माहीत आहे.

पुण्यात पहिली दोन वर्षं मी 'मले-तुले' गिळायला शिकले. खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात कोणी हसलं नाही, फक्त "आपण नागपूरकडच्या का?" असं अतिशय सभ्यपणे विचारायचे, आणि ते हसण्यापेक्षा वाईट असायचं. मग प्रमोशन, फ्लॅट, रोजच्या स्टँडअप मीटिंगा, स्प्रिंटच्या डेडलाइन, सगळं झालं. बाबांशी फोन मात्र आखडत गेला. जेवली काय? जेवले. पाऊस हाय काय? हाय. ठेवू? ठेवा. बाप्पा, स्वतःच्या बापाशी बोलायला मला विषय सापडेना!

म्हणून मी ट्रक घेतला. लोकांना मी 'हॉबी' म्हणून सांगते, पण खरं कारण हेच. लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेला, बाबा चालवायचे तसलाच तीन टनी ट्रक. तो लोणी काळभोरला मच्छिंद्रभाऊंच्या शेडमध्ये ठेवला. त्यांची ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती तिथेच चालते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "म्याडम, ह्ये भंगार हाय. तुमचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" नव्हतंच. पण दर रविवारी मी ग्रीसने माखून बाबांना फोन लावायचे, आणि तो तासभर चालायचा. क्लच का घसरतो, एअर टँकमधलं पाणी कधी काढायचं. बाबा ओरडायचे, "हातोडी नको मारू! ते का म्हैस हाय काय?" माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे रविवार होते, दादा.

आता मुद्द्याचं. मला सांगायचं आहे ते हेच, आणि ते मी फार उशिरा सांगितलं.

त्या ट्रकच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची असते. काही नट चाक गाडीला धरून ठेवतात, काही नट रिमचे ते दोन तुकडे एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना या दुसऱ्या नटांना पाना लावला, तर रिम बॉम्बसारखी फुटते. म्हणून फौजेत ते नट लाल रंगवतात. बाबांनी मला फोनवर बजावलं होतं, "लाल दिसला का हात मागं." माझ्या ट्रकवरही तो लाल रंग होता, उडालेला, पोपडे आलेला.

ट्रक पूर्ण झाला तेव्हा मी कसबा पेठेत रंग आणायला गेले. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "फौजेचा हिरवा हवाय की फौजेसारखा दिसणारा? पहिला आमच्याकडे नाही. दुसऱ्याने कोणी फसणार नाही." तरी घेतला. सगळा ट्रक हिरवा झाला, आणि त्या हिरव्यात ते लाल ठिपके मला फोटोत घाण दिसायला लागले. मी ते घासले आणि हिरवे करून टाकले. गाडीला हात लावणार मी, नाहीतर बाबा. आम्हाला तर माहीतच आहे. इतका शहाणपणा माझ्याकडे होता.

बाबा एरवी पुण्याला यायला तयार नसत. ट्रक बघायला मात्र आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. ट्रकभोवती दोनदा फिरले आणि बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "मागचा ब्रेक पाहून घेतो, चाक काढू." तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, ग्राहकांची चालू सिस्टीम बंद पडली होती. "पाचच मिनिटं, बाबा," म्हणून मी लॅपटॉप घेऊन शेडच्या दाराशी बसले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आयुष्यभराची सवय अशी, की लाल वगळून बाकीचे नट खोलायचे. लाल कुठे नव्हतेच. त्यांनी चुकीच्या नटांना पाना लावला.

आवाज झाला तेव्हा मी हेडफोन लावलेले होते, तरी ऐकू आला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. मनगट पुन्हा नीट वळलंच नाही. डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, "माझीच चूक. चोवीस वर्षांत एक नाई, अन् आता म्हातारपनी." मी शेजारी उभी होते. तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

तू त्यांना घेऊन गेलास. नंतर फोनवर म्हणालास, "आता त्यांले काही सुधरत नाई वं." आणि मी, चांडाळीण, "हो रे, वय झालं," म्हणाले! आठ महिने तू सांगत राहिलास की बाबा पान्याला हात लावत नाहीत, सायकलचं पंक्चरसुद्धा दुसऱ्याकडून काढून आणतात, एकटेच बसून स्वतःला शिव्या देतात. शेवटी मला ते सहन होईना. साकोलीला आले आणि तुझ्यादेखतच सगळं सांगितलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "तुले पहिल्या दिसापासून मालूम होतं?"

"हो."

"बोटं गेली त्याचं काही नाई. आठ महिने मी सोताले आंधळा, निकामी म्हनलं, अन् तू आयकत राहिली." मग ते दाराकडे बघत म्हणाले, "जाय तू पुण्याले."

मी त्याच संध्याकाळी निघाले. स्टँडवर सोडायला कोणी आलं नाही.

याला पाच महिने झाले. बाबा माझा फोन घेत नाहीत. ट्रक शेडमध्येच आहे, मी रविवारी तिकडे जात नाही. परवा तू सहज सांगितलंस, की बाबा शेजाऱ्याची मोटर उघडून बसले होते, डाव्या हातात पाना, आणि तू मदतीला गेलास तर खेकसले, "सरक तिकडं, मले येते." मी ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडले.

गाव सोडून आलेले आम्ही इथे जमलो की घर म्हणजे काय यावर फार बोलतो. माझं घर साकोलीला आहे, तिथे माझा बाप पुन्हा कामाला लागला आहे आणि मला तिथे यायची मनाई आहे. दोन्हींतलं एकच मिळणार असेल, दादा, तर त्यांना काम करू दे.