आवरून ठेवलेला कचरा

रेक्टरबाईंच्या घरात शिरायचं तर माशीलासुद्धा पाय पुसावे लागतात, असं इमारतीतले लोक म्हणत. अर्थात बाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. तपासणीला साहेब येणार म्हटलं की बाई आदल्या दिवशीच कंबर कसायच्या. फुटक्या बादल्या माळ्यावर जायच्या, गळका नळ कपाटाआड व्हायचा आणि सगळ्यांत बोलघेवड्या मुलीला नेमकं त्याच दिवशी ग्रंथालयात काम निघायचं. साहेब खूश होऊन जायचे.

निवृत्त झाल्यावर राज्य करायला एक इमारत आणि जीव लावायला एक भाची उरली. भावाची ही मुलगी शिकायला म्हणून त्यांच्याकडेच राहत होती. शहरांचा भार निसर्गावर कमी कसा पडेल, असा काहीतरी तिचा संशोधनाचा विषय. बाईंनी तो आपल्या पद्धतीनं समजून घेतला होता. "आमची पोरगी शहर वाचवतेय," असं त्या भाजीवाल्याला सांगत, "तेव्हा तिला आधी ताजी भाजी दे!"

भाचीचं काम तसं सरळ होतं. इमारतीतला कचरा आधी होता तसा तपासायचा. मग घरोघरी ओल्याला एक आणि सुक्याला एक असे डबे द्यायचे, मागच्या अंगणात खताचा खड्डा करायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. फरक दिसला, तर पालिका अख्ख्या वस्तीत ही योजना करणार होती.

"उद्या कॉलेजातले आमचे सर येतायत कचरा बघायला," भाची म्हणाली. "पण आत्या, जसा असेल तसाच हवा हं."

"हो हो," बाई म्हणाल्या. जसं असेल तसंच दाखवा, असं साहेबसुद्धा म्हणायचे. ते का कुणी मनावर घेतं!

भाची कॉलेजात गेली आणि बाई पदर खोचून जिना चढल्या. साली वेगळ्या करा, कागद घडी घालून ठेवा, बाटल्या विसळा! तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळजींची तर त्यांनी पार हजेरी घेतली. घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस कामात अतिशय नाजूक, पण उष्टं, चहाचा चोथा आणि मेलेले सेल सगळं एकाच पिशवीत कोंबायचा. "कचराच तो, त्याची कसली वर्गवारी?" असा त्याचा खाक्या. बाईंनी त्याचा डबा स्वतः निवडला आणि उरलीसुरली घाण कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत नेऊन ओतली.

सर आले, चकित झाले आणि आकडे मांडून गेले. पुढे डबे आले, खड्डा झाला. बाईंनी सगळ्यांना इतकं धारेवर धरलं की लोक गुपचूप वागायला लागले आणि पुढे पुढे तर कुणाला काही सांगावंही लागेना.

मग दुसरी तपासणी झाली. त्या दिवशी भाची घरी आली ती बूट न काढताच खुर्चीत बसली.

"काही फरक नाही, आत्या. पहिल्यांदा होता तसाच कचरा आत्ताही आहे. योजनेचा उपयोग शून्य, असंच लिहावं लागणार. पालिका आता ढुंकूनही बघायची नाही." तिनं वही टेबलावर टाकली. "लोक बदलतच नाहीत गं. मीच खुळी."

बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. गप्प बसता आलं असतं. पण पोरगी स्वतःला खुळी म्हणत होती, ते त्यांना सोसवेना.

"अगं, तो पहिला कचरा खोटा होता," त्या म्हणाल्या. "मी आवरून ठेवला होता."

"आवरून? कचरा?"

"पाहुणे येणार होते ना!"

भाचीनं कपाळावर हात मारला. मग मात्र तिचा भडका उडाला. माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस, म्हणाली. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. पण हार मानतील तर त्या रेक्टरबाई कसल्या!

"तुला खरा कचरा हवाय ना? मी देते. सांग तुझ्या सरांना."

"असं नसतं गं ते," भाची म्हणाली. तरी तिनं सरांना फोन करून झाला प्रकार सांगितला. पूर्वी काय होतं ते निदान बघू तरी, म्हणून सर यायला तयार झाले.

बाईंनी सगळ्यांना जिन्यात गोळा केलं. "आजपासून पूर्वीसारखं सगळं एकाच पिशवीत! घाण म्हणजे घाणच हवी. कुणी कुचराई केली तर माझ्याशी गाठ आहे!"

ठरलेल्या सकाळी सर अंगणात आले. पिशव्या उघडल्या. पहिल्या घराच्या पिशवीत दुसरी पिशवी, त्यात साली वेगळ्या. दुसऱ्या घरानं तर बाटल्या विसळूनही ठेवलेल्या. तिसरं घर, चौथं घर, तीच तऱ्हा.

"काय हे!" बाई कडाडल्या. "एक साधी घाण करता येत नाही तुम्हाला?"

"टाकायला गेलो हो," घड्याळजी ओशाळून म्हणाले. "पण हातच होईना."

सर बाईंकडे वळले. "बाई, तुमची पिशवी?" त्यांनी विचारलं.

सगळ्या इमारतीत तेवढी एकच पिशवी घाण होती. उष्टं, कागद, काचेची बाटली, सगळं एकत्र कालवलेलं. ते कालवताना बाईंना रडू कोसळलं होतं, पण भाचीसाठी त्यांनी मन घट्ट केलं होतं. आता सगळ्यांसमोर ती पिशवी उघडताना त्यांचे कान लाल झाले.

घड्याळजी पुढे आले. पिशवीपाशी उकिडवे बसले आणि बाटली अलगद बाहेर काढून पुसायला लागले.

"अहो रेक्टरबाई, ही यात टाकतात का?" ते वैतागून म्हणाले. "तुम्हाला किती वेळा सांगायचं!"

भाची फिस्सकन हसली, मग रडली आणि सगळ्यांदेखत आत्याच्या गळ्यात पडली. सरांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

"आत्ता जे झालं ना," ते म्हणाले, "ते आधी लिही."