मागच्या उजव्या चाकावर दोन बोटं

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी वहीत कामांची यादी केली. एकूण एकतीस कामं होती. त्यात गाडी खाली बसवण्याचं काम नव्हतं. ते त्यानं परस्पर केलं.

गाडी माझी. पवनीहून शाळेच्या गावी रोज जाण्यायेण्यासाठी घेतलेली, जुनी आणि छोटी. मी बसनं भंडाऱ्याला गेले होते त्या दिवशी तो ती मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून आला. आधी चाक आणि वरचा पत्रा यांच्या मधल्या फटीत माझी मूठ जायची. आता तीन बोटं मावत होती.

"काहून केलं?" मी विचारलं.

"नवरदेवाची गाडी हाये, ताई. दिसाले पायजे. अन् वळणावर झुकत नाही आता."

"उद्या गतिरोधकावर पोट घासलं म्हणजे दिसेल सगळ्यांना."

"तू मास्तरीणच राहाशील," तो म्हणाला.

मी गाडी पुन्हा उंच करायला लावणार होते. पण आई ओसरीवरून उतरली, दार उघडलं आणि सहज आत बसली. तिचे गुडघे गेलेले. वऱ्हाडासाठी दोन जिपा ठरवल्या होत्या आणि त्यांच्या पायरीवर तिचा पाय चढत नव्हता, म्हणून सानगडीला लग्नाला येत नाही असं ती आठ दिवस म्हणत होती. आता ती आत बसून म्हणाली, "याच्यात येते मी सानगडीले."

म्हणजे गाडीवर आता आईचं लग्नाला येणं अवलंबून होतं. मी भावाला स्पष्ट सांगितलं : गाडी भरून तपासायची, चारही कोपरे सारखे राहिले तरच आई बसेल. नाहीतर ती घरी राहील.

आमच्याकडे स्प्रिंगचं काम केलं की गाडीत धानाचे कट्टे, म्हणजे पोती, भरून ठेवतात. वजनानं स्प्रिंग आपल्या जागी बसते आणि कच्चं काम लगेच उघडं पडतं. मिस्त्रीनंही तेच सांगितलं होतं. घरात बाबांच्या हातचे शेवटचे कट्टे होते, चाळीस-चाळीस किलोचे. ते धान लावलं तेव्हा बाबा होते. कापलं तेव्हा नव्हते. त्यातले पाच कट्टे आम्ही सकाळी गाडीत ठेवले आणि चार वाजता काढले.

मी प्रत्येक चाकाशी बसून बोटं घातली. पुढे तीन आणि तीन. मागे डावीकडे तीन. मागे उजवीकडे दोन.

आधी वाटलं एखादा कट्टा राहिला. आत पाहिलं, सीटवर धानाचे दोन दाणे पडले होते, बाकी काही नाही. मग हवा मोजली. ती सारखी होती. मग अंगण उताराचं असेल म्हणून गाडी उलट्या तोंडानं लावली. तोच कोपरा खाली. तोपर्यंत तिन्ही गोष्टींवर मी वहीत काट मारली होती.

"गाडीची नाडी पाहून राहिली का, ताई?" भाऊ हसत म्हणाला. त्यानं स्वतः बोटं घातली आणि मग हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून फळीवर शेजारी उभ्या केल्या. दोन्ही सारख्याच.

"हे कापलेलं काम नुसतं दिसासाठी असते, मॅडम," तो मला म्हणाला. "चालवासाठी आखूड अन् कडक स्प्रिंगच पायजे. वळणावर थेच धरते. तुमच्या भावाले सांगतलं होतं मी."

"मग कापल्या कशाला?"

"नवरदेव आयकते का?"

दोन दिवसांनी त्यानं नागपूरहून आखूड, कडक स्प्रिंगा मागवून बसवल्या. गाडी तेवढीच खाली राहिली, पण दाबली तर लगेच वर येई, डुलत नसे. त्याच्या शेडमध्ये मी मोजलं. चारही ठिकाणी तीन बोटं. मी वहीत "झालं" लिहिलं आणि एकटीच घरी निघाले.

दुपारी एकची वेळ होती. रस्त्यावर कोणी नव्हतं. आमच्या घराआधी दवाखान्याचा फाटा लागतो. बाबांना शेवटचे चार महिने मी दर आठवड्याला तिथून भंडाऱ्याला नेत असे. ते माझ्या मागे बसत, उजवीकडे, खिडकीवरचा दांडा धरून. फाट्यापुढच्या गतिरोधकावर गाडीचं पोट मागून घासलं. रिकाम्या गाडीला घासायचं कारण नव्हतं. जाताना घासलं नव्हतं.

अंगणात गाडी लावून मी खाली बसले. मागे उजवीकडे दोन बोटं.

आमच्या घरात भूत मानत नाहीत. बाबांनी तरुणपणी गावाबरोबर धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे सगळं सोडलं, आणि आम्हाला लहानपणी स्मशानाच्या वाटेनं मुद्दाम शाळेत पाठवलं. त्यामुळे मी घाबरले नाही. मी मोजलं. घरातून एक कट्टा ओढत आणला आणि मागच्या सीटवर डावीकडे ठेवला. डावीकडची फट दोन बोटांवर आली. आता दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. डावीकडे कट्टा होता.

मग मी दवाखान्याची जुनी वही काढली. शेवटच्या तारखेसमोर बाबांचं वजन माझ्याच अक्षरात होतं. एकेचाळीस.

वही मिटली तेव्हा आई ओसरीवर उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"बाई, काय मोजून राहिली?"

"गाडीचा एक कोपरा खाली आहे. मिस्त्रीला सापडत नाही."

"कोणता?"

मी दाखवला. ती गाडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी दुसऱ्या बाजूनं बसीन."

"आई, गाडी ठीक असल्याशिवाय तुला नेणार नाही."

"थे जीपीत कसे बसतीन?" ती म्हणाली. "त्याईचेही पाय चढत नव्हते."

सोयरीक बाबांनीच जमवली होती. सानगडीच्या माणसांना त्यांनी शब्द दिला होता, "लग्नाला मी स्वतः येईन." हे मला माहीत होतं, पण माझ्या कोणत्याही यादीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा चार कट्टे भरले आणि उजेड असताना भावाला घेऊन तलावाच्या पाळीवरच्या वळणापर्यंत गेले. सानगडीच्या रस्त्यावरचं सगळ्यात वाईट वळण तेच. चाक पत्र्याला लागलं नाही. गाडी सरळ राहिली. म्हणजे ती एवढं वजन झेलत होती. घरी येऊन मी वहीत लग्नाच्या दिवशी गाडीत कोण कुठे बसेल ते लिहिलं. पुढे मी आणि भाऊ. मागे दोन माणसं.

भावानं ते वाचलं. "मांगं तर आईच हाये."

"दोन माणसं धरली आहेत. त्याहून जास्त नको."

त्यानं वही मिटून मला दिली.

लग्नाच्या सकाळी मावशी उजवीकडचं दार उघडून बसायला लागली. आई आतून म्हणाली, "जागा नाही, तू जीपीत बस."

"अवो, एवढी जागा तं हाये."

"नाही म्हटलं नं."

आईनं पिशवी मांडीवर घेतली, शेजारच्या सीटवर ठेवली नाही. मी निघण्याआधी आतला आरसा वर फिरवला, मागची सीट त्यात दिसेना. मागचा रस्ता बाहेरच्या आरशांतून दिसतो, तेवढा पुरे. रस्ता तासाभराचा. उन्हानं शेतं पांढरी पडली होती. पाळीवरच्या वळणावर गाडी जराही झुकली नाही. भाऊ एरवी बढाया मारल्याशिवाय राहिला नसता, पण तो समोर पाहत बसून होता. मागून आईचा आवाज आला, अगदी हळू, "दांडा धरा." मी वेग कमी केला.

लग्न व्यवस्थित झालं. आई पहिल्या रांगेत बसली. पाच वाजता आम्ही नवरीला घेऊन निघालो. नवरीनं मागचं उजवीकडचं दार उघडलं आणि आईनं माझ्याकडे पाहिलं. सगळे पाहत असताना मी हवा तपासल्यासारखं करून चाकाशी बसले. बोटं घातली.

तीन.

"बसू दे तिला," मी म्हणाले.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर नवरीला डुलकी लागली. भाऊ खूश होता. स्प्रिंग बसली, म्हणाला, नवीन स्प्रिंगला वेळ लागतोच. मी हो म्हटलं. मग आई पुढे वाकली आणि माझ्या कानाशी, नवरी जागी होणार नाही अशा बेतानं, तिनं विचारलं, "कुठं उतरले?"

त्या दिवशीच्या पानावर निघाल्याची वेळ आहे, पोचल्याची आहे, चारही चाकांची हवा आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नाही. आरसा मीच फिरवला होता.