एक्सेलवरची ती पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मित्रांनाही नाही. आता सांगतानाही — कुठून सुरू करू?

मलकापुरात कॉलेज करून दुपारनंतर मी एका जिनिंगच्या ऑफिसात काम करायचो. कापसाच्या गाड्यांची नोंद वर्षाताई एक्सेलमध्ये ठेवायच्या. चाळिशीत शिकल्या होत्या, एकेक अक्षर बोटानं शोधत. कॉम्प्युटरवर बसणारी बाई, म्हणून गल्लीत त्यांना मान होता. शेतकऱ्यांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती. दुसरीकडे पाठवली की नुसती चिन्हं दिसायची. ती नावं नव्या फॉन्टमध्ये बदलून देणारी, एक्सेलला जोडायची एक फुकटची ॲड-इन मी डाउनलोड केली आणि ताई जेवायला गेल्या असताना त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकली. मदत करायची होती — की चमकायचं होतं?

नावं काही बदलली नाहीत. उलट एक्सेल उघडलं की वर जाहिरातीची पट्टी, आणि मध्येच सगळं बंद. फाटकाबाहेर गाड्या खोळंबल्या. जिनिंगचे मालक शेठ ताईंवर तडकले, "काय दाबून ठेवलं तुमी? नाही त्या बटनाले काऊन हात लावता?"

"म्या काहीच नाही केलं, भाऊ." मग माझ्याकडे वळून, "तूच सांग बाप्पा, तुले समजते यातलं."

समजत होतं. चांगलंच समजत होतं. मी म्हणालो, "होते ताई कधी कधी. चुकून दाबल्या जाते."

एवढंच. खोटं बोललो का? की त्याहून वाईट काही केलं?

मग दुरुस्तीचं नाटक. ॲड-इनच्या यादीतली खूण काढली, तरी एक्सेल उघडताच पट्टी परत हजर. फाइल स्टार्टअप फोल्डरात होती, तिथून आपोआप चालू व्हायची. मला ठाऊक होतं — मीच ठेवली होती. तरी कपाळाला आठ्या घालून भलतीकडे शोधत राहिलो. सगळे बघत होते. शेवटी डिलीट केली. शेठ म्हणाले, "शिकेल पोराची गोष्टच वेगळी!" घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. ते वाक्य मी घरी जाऊन सांगितलं.

ताईंना वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायला बसवलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

परवा काट्यापाशी त्यांनी लेकीनं घेऊन दिलेला नवा मोबाईल माझ्यापुढे धरला. फोन लावायचा होता. "तूच दाब बाप्पा. माह्या हातानं बिघडते."

मी दाबलं. रिंग वाजू लागली तसा मोबाईल त्यांच्या हातात दिला.