काटा खालीच होता

टायरच्या दुकानामागे दोन गाड्या मावतील एवढी शेड होती आणि तिथे कानमास्तरांचं गॅरेज होतं. खरं नाव कागदोपत्री असेल, पण चाळीस वर्षं लोक त्यांना कानमास्तरच म्हणत आले. कारणही तसंच होतं. बिघडलेली गाडी आली की मास्तर बोनेट उघडायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक काही सांगू लागलं तर हाताने गप्प करायचे. "तुम्ही नका सांगू, ती सांगेल." मग डोळे उघडून म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." इंजिन उघडलं की तेच निघायचं. लोक थक्क व्हायचे आणि मास्तर साबणाने हात धुताना उगाचच जरा जास्त वेळ लावायचे.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मास्तरांचे कान जायला लागले. एकदम नाही. जाड आवाज यायचे, बारीक आवाज तेवढे गळून गेले. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बायकोने त्यांच्याकडून काढून घेतलं. "अहो, तीनदा डाळ करपली. कान दाखवून या," ती म्हणायची. मास्तर उसळायचे, "कान? माझे? कुकर जुना झालाय." आणि तिच्या समाधानासाठी खरंच नवा कुकर आणला.

सिस्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाई त्यांच्या फार जुन्या गिऱ्हाईक. दवाखान्यातून निवृत्त होऊनही त्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडे घरी जायच्या, कुणाची जखम धुवायला, कुणाची नळी बदलायला. एकट्याच राहायच्या. गाडी एकवीस वर्षांची, पण सिस्टरांनी तिला पेशंटसारखी जपलेली.

"मास्तर, सकाळी सुरू केली की शिट्टीसारखा बारीक आवाज येतोय," एके दिवशी त्या म्हणाल्या. "गाडी तापली की कमी होतो."

मास्तरांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. घरघर ऐकू आली, ठोके ऐकू आले. शिट्टी नाही.

"आत्तासुद्धा येतोय बघा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा कान लावला. काहीच नाही. समोरच्या बाईला ऐकू येतंय आणि आपल्याला नाही. पण शेडच्या दाराशी टायरवाला चहा पीत उभा होता, त्याच्यासमोर "मला ऐकू येत नाही" म्हणायचं कसं?

"ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "बेल्ट कोरडा पडला असेल. वय झालेली गाडी, थोडं कुरकुरणारच."

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची पुली नुसती हाताने हलवून बघितली असती तरी बेअरिंग ढिलं झालेलं कळलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण कानमास्तर हाताने बघत नसत.

नवव्या दिवशी चढावर गाडीतून वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. सिस्टर एका पेशंटकडे निघाल्या होत्या. तिथे पोचायला त्यांना दोन तास उशीर झाला आणि तेवढा वेळ ते आजोबा ओल्या अंथरुणात पडून राहिले. गाडी ओढून मास्तरांकडे आणली गेली. त्यांनी बोनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि त्यांना सगळं कळलं. पुली ढिल्या दातासारखी हलत होती. त्या वाटेने पाणी निघून गेलं होतं, इंजिन भाजून निघालं होतं, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वाकलं होतं.

सिस्टर बाजूला उभ्या होत्या. "असं कसं झालं हो मास्तर?"

आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "टेम्परेचरचा काटा बघत नव्हता का तुम्ही? लाल पट्ट्यात गेला असणार. तुम्ही तशीच दामटलीत."

"नाही हो, मी बघत होते. काटा खालीच होता."

मास्तरांना ठाऊक होतं की बाई खरं बोलतेय. पाणी पूर्ण निघून गेलं की तो काटा खोटं दाखवतो, गरम इंजिनातही खाली पडून राहतो. कोणत्याही मेकॅनिकला हे माहीत असतं.

"खाली कसा असेल?" ते म्हणाले. "तुम्हाला वाटलं असेल बघितला म्हणून. होतं असं. वय झालं आपलं."

सिस्टरांनी गाडीच्या काचेतून आत, त्या काट्याकडे एकदा वाकून पाहिलं, आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. मास्तर हेड घासून आणायचं काम लांबवत होते, गाडी कोपऱ्यात तशीच उघडी पडली होती. सिस्टरांनी पर्समधून दुसरी किल्ली काढून बाकावर ठेवली.

"दुरुस्त झाली की विकून टाका. मी आता चालवणार नाही. पेशंटही दुसऱ्या नर्सला द्यायला सांगितलेत."

"का?" मास्तरांनी विचारलं.

"समोरचा काटा दिसत नाही, दिसला तर लक्षात राहत नाही. उद्या इंजेक्शनचा डोस चुकला तर?" त्या जरा हसल्या. "त्या दिवशी तुम्ही तोंडावर सांगितलंत ते बरं झालं. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. आभारच मानायला हवेत तुमचे."

हीच वेळ होती बोलायची. मास्तरांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. किल्ली उचलून खिशात टाकली.

दुपारी घरी जेवायला बसले आणि भात नुसता कालवत राहिले. बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी ताटाकडे बघत सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मला का सांगताय? मी कुठे गाडी चालवते?" आणि ताट उचलून नेलं.

मास्तर तसेच उठले. सिस्टरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी बेल दाबली. वाजली की नाही कळेना. पुन्हा दाबली. आणखी तीनदा दाबली. दार धाडकन उघडलं.

"अहो, किती वाजवाल! पहिल्याच बेलला ऐकलं मी, येत होते ना!"

"मला ऐकू आली नाही," मास्तर म्हणाले, आणि मग ते थांबलेच नाहीत. "मला बारीक आवाज येत नाहीत, सिस्टर. दोन वर्षं झाली. ती शिट्टी पंपाची होती, तुम्ही बरोबर सांगत होता. आणि काटाही खालीच होता. पाणी संपलं की तो पडतो. मला तेव्हाच माहीत होतं."

सिस्टर दाराला हात लावून उभ्या राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे," त्या हळूच म्हणाल्या, "मी जिना पायऱ्या मोजत उतरतेय. औषधाची बाटली तीनदा वाचतेय. गॅस बंद केला का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतेय. तुम्हाला कल्पना आहे?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"काय म्हणाले मी? ऐकू आलं का?"

"आलं."

"गाडी नीट करा. विकायची नाही. आणि उद्याच्या उद्या कान तपासून घ्या. हे मी नर्स म्हणून सांगतेय. बाकी काय वाटतं ते सांगत नाही."

दार लागलं.

मास्तरांनी पंप बदलला, हेड सरळ करून आणलं, आणि या वेळी प्रत्येक नट हाताने तपासला. कानाचं मशीनही आलं. ते घालून पहिल्या दिवशी शेडमध्ये बसले तेव्हा टायरवाल्याने विचारलं, "हे काय मास्तर?" त्यांनी सगळं सांगून टाकलं, सिस्टरांचं प्रकरणसुद्धा. आठवड्याभरात बाजारभर झालं. काही जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झाली, काही येत राहिली.

सिस्टर स्वतः येऊन गाडी घेऊन गेल्या. पेशंटही परत घेतले असं टायरवाल्याकडून कळलं. मास्तरांच्या गॅरेजमध्ये मात्र ती गाडी पुन्हा आली नाही, पुलापलीकडच्या एका मेकॅनिककडे जाऊ लागली. मध्यंतरी भाजीच्या दुकानात त्या अचानक समोर आल्या. ओळखीचं हसल्या, "मशीन घालता ना रोज?" विचारलं. मास्तरांनी कान पुढे करून दाखवला, आणि मग त्या निघून जाईपर्यंत बटाट्यांच्या ढिगाशी वाकून, लागत नसताना, एकेक बटाटा निवडत राहिले.